दुसऱ्याची ठेव

फाइलच्या नावाशेजारी हिरवी, बरोबरची खूण होती. टाचणीच्या डोक्याएवढी. मी बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. एखादा अनुस्वार सुटला असेल तर पान उलटायच्या आत डोळ्यांना टोचतो. ही खूण मात्र माझ्या स्क्रीनवर किती दिवस होती ते मला आजही सांगता येणार नाही. सहज माउस तिच्यावर गेला आणि छोट्या चौकटीत अक्षरं उमटली. फाइल माझ्या खात्यात सुरक्षित ठेवली आहे, असं काहीतरी.

खातं म्हणजे लॅपटॉपमधली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या कंपनीकडचं खातं. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने एकामागून एक पडदे दाखवले होते आणि प्रत्येक पडद्यावर ‘मान्य’ आणि ‘पुढे’ म्हणत मी ते खातं उघडलं होतं. कामाचा फोल्डर आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जात राहील, हे त्यातल्याच कुठल्यातरी पडद्यावर लिहिलेलं असणार. मी वाचलं नव्हतं.

फाइल एका निवृत्त परिचारिकेच्या आत्मकथनाची होती. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, मीही. सदतीस वर्षांच्या नोकरीतलं त्यांनी तीन जाड वह्यांत लिहून काढलं होतं. ते मी टंकायचं, नीट लावायचं, दोघींनी मिळून वाचायचं असं ठरलं होतं. वह्यांत खरी नावं होती. कुणाचं मूल कुणापासून लपवलं गेलं, कुणाच्या पाठीवरचे वळ कशाचे होते, कोण कोणत्या आजाराने गेलं आणि घरच्यांनी बाहेर काय सांगितलं, सगळं नावानिशी. नावं शेवटच्या खर्ड्यात बदलायची होती, कारण खरं नाव समोर असलं की त्यांना प्रसंग बारकाव्यांसह आठवे. “नावं बदलेपर्यंत हे तुझ्या-माझ्यात गं,” वह्या देताना त्या म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं होतं.

चार महिने मी दर थोड्या वेळाने फाइल जतन करत होते आणि दर वेळी तिची एक प्रत बाहेर जात होती.

ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. लाखो फाइलींतली एक, कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये पडून असेल. पण मी शब्द दिला होता तो ‘कुणी वाचणार नाही’ असा नव्हता, ‘दोघींतच राहील’ असा होता. तो मोडला होता, आणि मला न कळता मोडला होता. लगेच सेटिंग बंद केलं, तिकडची प्रत पुसली. पुसली म्हणजे मला दिसेनाशी झाली. त्यांच्या बॅकअपमध्ये ती किती काळ राहते, हे मला कोण सांगणार?

त्या रात्री मी करार वाचला. छापून घेतला आणि हातात पेन घेऊन बसले, कारण मला वाचायची तीच सवय आहे. पहिल्याच पानावर एक वाक्य भेटलं. या ना त्या शब्दांत ते अशा बहुतेक करारांत असतं: सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, परवान्याने वापरायला दिलेलं आहे. पुढे माहिती गोळा करण्याबद्दल. कोणती माहिती? यादी होती, आणि यादीच्या टोकाला ‘यांसह, परंतु एवढ्यापुरतं मर्यादित नाही’ हे शब्द. लेखकाच्या मजकुरात असं दिसलं की मी समासात प्रश्नचिन्ह काढते आणि विचारते की नक्की काय काय. इथे विचारणार कुणाला? अटी बदलण्याचा अधिकार कंपनीकडे होता आणि वापरत राहणं हीच माझी संमती धरली जाणार होती. पहाटेपर्यंत समास प्रश्नचिन्हांनी भरून गेला.

आपण हे वाचत नाही याचा दोष सगळा आपल्या आळसावर टाकणं मला पटत नाही. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अलीशिया मॅकडॉनल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी हिशेब मांडला होता की, एका माणसाने वर्षभरात उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं फक्त गोपनीयता-धोरण वाचायचं म्हटलं तर वर्षाला सुमारे २०१ तास लागतील. पोटापाण्यासाठी वाचणाऱ्या माझ्यासारखीलाही ते जमणार नाही. जे वाचलं जाणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे, त्याच्याखाली घेतलेल्या संमतीला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘विकलेलं नाही, वापरायला दिलेलं’ हे वाक्य मात्र डोक्यात घोळत राहिलं. माझा सगळा जन्म पुस्तकांत गेलेला. विकत घेतलेलं पुस्तक मी कुणाला वाचायला देते, रद्दीत टाकते, समासात भांडते. प्रकाशक येऊन ते कपाटातून काढून नेत नाही. परवान्यावरच्या पुस्तकाचं तसं नसतं. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रांमधून जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्यांच्या, पैसे देऊन घेतलेल्या प्रती परस्पर पुसल्या होत्या. ज्याने त्या तिथे विक्रीला ठेवल्या त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण रात्रीतून आपल्या घरातलं पुस्तक नाहीसं होऊ शकतं हे लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सॉफ्टवेअर पहिल्यापासून असं नव्हतं. सुरुवातीच्या काळात ते यंत्राबरोबर यायचं, वापरणारे आपसांत देवघेव करायचे, दुरुस्त्या करून परत पाठवायचे. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर यंत्रापासून वेगळं काढून त्याला स्वतंत्र किंमत लावायचं जाहीर केलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. आमचं ‘बेसिक’ हे सॉफ्टवेअर तुम्ही फुकट नकलून वापरता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिणं कुणाला परवडेल, असा त्यांचा सवाल होता. कामाच्या मोबदल्यासाठी मीही भांडत आले आहे, त्यामुळे त्या पत्रातला राग मला परका वाटत नाही. माझं भांडण पैशांशी नाहीच. मी लॅपटॉपबरोबर त्या सिस्टीमचे पैसे दिले होते आणि आनंदाने दिले होते.

दुसरी बाजू एका छपाईयंत्रापासून सुरू होते. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एक सोय घातली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली असेल त्यांच्या पडद्यावर निरोप झळके आणि कुणीतरी उठून कागद सोडवी. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, मिळालाच नाही. तो ज्याच्याकडे होता त्या संशोधकाला स्टॉलमन जाऊन भेटले. त्याने नकार दिला, कारण तो कुणालाही न देण्याचा करार त्याने केला होता. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमन यांनी जाहीर केलं की, वापरणाऱ्याला पूर्ण मोकळीक देणारी एक अख्खी सिस्टीम आपण लिहिणार आहोत. तिचं नाव ग्नू. १९८९ मध्ये तिच्यासाठी जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा परवाना आला. १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स हा सिस्टीमचा गाभा प्रसिद्ध केला. पहिल्यांदा त्याचा परवाना वेगळा होता, पैसे घेऊन वाटायला त्यात मनाई होती. १९९२ मध्ये त्यानेही जीपीएल स्वीकारला आणि दोन्ही धागे एकत्र आले.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्याआधी, पहिल्या कराराच्या शेजारी ठेवून मी जीपीएल वाचला. त्यातल्या एका कलमाने मला खुर्चीत सरळ बसवलं. तिसऱ्या आवृत्तीतलं हे नववं कलम सांगतं की, या कार्यक्रमाची, म्हणजे प्रोग्रॅमची, प्रत घेण्यासाठी किंवा तो चालवण्यासाठी तुम्हाला हा परवाना मान्य करावा लागत नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. दुसऱ्या आवृत्तीत कारणही दिलेलं आहे: तुम्ही यावर सही केलेली नाही. कार्यक्रम बदलून किंवा जसाच्या तसा दुसऱ्यांना वाटायचा असेल तेव्हा अटी सुरू होतात, आणि त्यांचा अर्थ साधारण एवढाच की, तुला जी मोकळीक मिळाली ती पुढच्यालाही दे, मूळ मजकुरासकट. स्वतःच्या घरी, स्वतःच्या टेबलावर वापरणाऱ्याकडून या परवान्याला काहीच वदवून घ्यायचं नव्हतं.

दोन्ही कागदांत एक कलम मात्र अगदी सारखं होतं. ‘आहे तसं’ घ्या, बिघडलं तर आम्ही हमी देत नाही. हे लिहायला हवं, कारण जीपीएलसारख्या परवान्यांच्या, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची बाजू घेणारे लोक ते सांगायचं विसरतात.

सिस्टीम बदलायची हे त्या आठवड्यात ठरलं. २०२१ संपत आलं होतं. मी डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली सिस्टीम निवडली. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प कुठल्या एका कंपनीचा नाही आणि त्याचं सोशल कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेला जाहीर शब्द, दोन मिनिटांत वाचून होतो. आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या. मग पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून पाहिला. असं करताना आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही. स्क्रीन, आवाज, कीबोर्ड चालतो का हे नुसतं बघता येतं. माझं वायफाय चालेना. त्या कार्डाला लागणारं फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, मुक्त परवान्याचं नव्हतं, म्हणून इन्स्टॉलरमध्ये नव्हतं. फोन केबलने जोडला, त्याचं इंटरनेट घेतलं, फर्मवेअर उतरवलं. एक पूर्ण संध्याकाळ गेली. पुढे डेबियनच्या सदस्यांनी या प्रश्नावर मतदान केलं आणि २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. अडचण जितकी खरी होती तितकीच ती सोडवायची पद्धतही मला महत्त्वाची वाटते. वाद उघड्यावर झाला आणि त्यातला प्रत्येक मुद्दा आजही वाचता येतो.

इन्स्टॉल होत असताना मध्येच एक प्रश्न आला. तुम्ही कोणती पॅकेजेस, म्हणजे कोणते कार्यक्रम, वापरता याची निनावी आकडेवारी पाठवायची का? खाली दोन पर्याय होते आणि निवड आधीपासून ‘नाही’वर होती. मी थांबले. टेलिमेट्री म्हणतात ती हीच, वापराची माहिती परत पाठवणं. तिचा उपयोग असतो. लोक काय वापरतात हे कळलं तर सिस्टीम सुधारता येते. फरक एवढाच होता की इथे मला आधी विचारलं होतं आणि मी गप्प राहिले तर ते ‘नाही’ धरलं जाणार होतं. विचार करून मी ‘हो’ केलं. त्या लॅपटॉपवर मनापासून दिलेली ती पहिली संमती.

पुढचे दोन महिने सोपे नव्हते. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट कळफलक लगेच मिळाला. इंग्रजी ‘J’च्या कळीवर र, शिफ्टबरोबर ऱ, त्यामुळे ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ पहिल्याच दिवशी नीट उमटल्या आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. पण युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटांमध्ये टंकलेल्या माझ्या जुन्या फाइली म्हणजे इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा झाला होता. त्या तशा लिनक्सवर आल्यामुळे झाल्या नव्हत्या. त्या फाँटांत अक्षर देवनागरीचं दिसायचं, आत साठवलेलं मात्र भलतंच असायचं. माझी दहा वर्षांची पानं एका बंद फाँटाच्या किल्लीला टांगलेली होती. रूपांतर करून, ओळ न ओळ तपासून मी त्यातली निम्मी-शिम्मी सोडवली. बाकीची अजून तशीच आहेत. वर्डऐवजी वापरायच्या लिब्रेऑफिसमध्ये दुसऱ्यांच्या वर्ड फाइली उघडतात, सुचवलेले बदल आणि शेरेही दिसतात, पण लांब पुस्तकात कधी तळटीप पुढच्या पानावर ढकलली जाते. पानं लावण्याचं जे सॉफ्टवेअर प्रकाशनात सर्रास चालतं त्याची लिनक्ससाठी आवृत्ती निघतच नाही. मी पीडीएफवर खुणा करून देते, तेवढ्यावर भागतं. ज्याचं अख्खं पोट त्या सॉफ्टवेअरवर आहे त्याला मी ‘सोड ते’ असं सांगणार नाही.

मुक्त म्हणजे आपोआप विश्वासू, असंही नाही. २०१२ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमने आपल्या शोधपेटीत लिहिलेले शब्द बाहेर पाठवून अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. स्वतःच्या फाइली शोधतानाही. त्यावर गदारोळ उठला. बंद करायचा पर्याय होताच, आणि २०१६ च्या आवृत्तीपासून ती गोष्ट मुळातच बंद ठेवली गेली. मार्च २०२४ चा प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की, दूरच्या यंत्रात लॉगइन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने ते सोडून दिलं नाही. माग काढत तो एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या एका साध्या कार्यक्रमापाशी पोचला. त्याची देखभाल करणाऱ्याचा विश्वास दोन वर्षं कमावून कुणीतरी त्यात चोरदार बसवलं होतं. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंही होतं. उघडा कोड असूनही कुणी तसं करू शकलं, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, ज्याला शंका आली त्याला कुणाची परवानगी न घेता मुळापर्यंत जाता आलं. मी स्वतः सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची एक ओळ लिहू शकत नाही. माझ्या वतीने दुसरा कुणी वाचू शकतो, एवढाच माझा आधार. मुद्रितशोधनाचंही तसंच असतं. प्रत्येक वाचक चुका शोधत नाही, पण पान झाकलेलं असेल तर शोधणाऱ्याला काही करता येत नाही.

“आपल्याकडे काय आहे लपवण्यासारखं?” हा प्रश्न मला फार जणांनी विचारला. मीही एके काळी तो विचारत असे. माझ्या आयुष्यात लपवण्यासारखं खरोखरच थोडं आहे. पण माझ्या लॅपटॉपमध्ये मी एकटी नसते. सिस्टरांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या बायका आहेत. मित्राने पाठवलेले वैद्यकीय अहवाल आहेत, भावाच्या कर्जाचे कागद आहेत, शेकडो लोकांचे फोन नंबर आहेत. यातल्या कुणीही ‘मान्य’ म्हटलेलं नाही. ते मी म्हटलं, त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी म्हणून साडेसहा लाख लोकांनी केलेले सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले होते. नावं काढून त्या जागी फक्त क्रमांक ठेवले होते. थोड्याच दिवसांत वार्ताहरांनी एका क्रमांकामागची बाई नुसत्या तिच्या शोधांवरून ओळखली आणि तिचं दार ठोठावलं. तिने शोधलेल्या कितीतरी गोष्टी तिच्या मैत्रिणींच्या दुखण्यांबद्दलच्या होत्या. मला ती बाई सिस्टरांसारखीच वाटते. दुसऱ्यांचं मनात घेऊन बसलेली.

सिस्टीम बदलून हे सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. ब्राउझरमधून जे जातं ते जातंच. फोनचा गाभा लिनक्सचाच असला तरी वर बसलेले बाकीचे थर वेगळ्या मालकीचे आहेत. ज्या अ‍ॅपवर सगळे निरोप पाठवतात ते सोडलं तर कामं मिळायची बंद होतील. तिथे मी हरलेली आहे आणि ते मला खुपतं.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, कारण धडधाकट चालणारे संगणक टीपीएम २.० या सुरक्षा-चिपच्या किंवा नव्या प्रोसेसरच्या अटीत बसत नाहीत म्हणून त्यांच्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही. मी त्यांना पेनड्राइव्हवरून आधी आठवडाभर वापरून बघायला सांगते. ज्या एका कार्यक्रमावाचून अडतं तो चालतो का ते पाहायला सांगते. आणि इन्स्टॉल करताना डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडायला सांगते, म्हणजे लॅपटॉप हरवला तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. पासवर्ड विसरला तर आपल्यालाही नाही, हे दोनदा सांगते.

सिस्टरांना मी खरं सांगितलं, त्याच आठवड्यात. त्या रागावल्या नाहीत. “मग आता कुठे आहे ते?” एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. उरलेली तिसरी वही त्यांनी पिशवीत परत ठेवली, ‘बघू’ म्हणाल्या आणि गेल्या. अडीच महिने त्यांचा फोन आला नाही.

मग एका दुपारी त्या वही घेऊन आल्या. मी त्यांना लॅपटॉप दाखवला. काय बदललं, काय बदलता आलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी किती ऐकलं ते मला माहीत नाही, त्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. लॅपटॉप सुरू होताना डिस्कचा पासवर्ड मागतो. पांढरी ओळ आणि पुढे लुकलुकणारी खूण. मी बोटं कळांवर ठेवली तशी सिस्टरांनी, मी काही म्हणायच्या आत, मान खिडकीकडे वळवली. शेवटची कळ दाबल्याचा आवाज झाल्यावर त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं.